आडव्या नळीवरचं नाव

प्रेस्टन
८ फेब्रुवारी १९९९

प्रिय मिस्टर डग्डेल,

आपली ओळख नाही. आमच्या चर्चच्या सायकल क्लबचे सेक्रेटरी जेरार्ड कॉटम यांनी मला आपला पत्ता दिला. ते म्हणाले, "कोल्नच्या ऑर्मरॉडनं बनवलेल्या सायकलीबद्दल विचारायचं तर जगात एकच माणूस आहे. फोन मात्र करू नकोस, तो ओरडून बोलतो." म्हणून हे पत्र.

माझी आत्या ॲग्नेस नोव्हेंबरमध्ये वारली, पंच्याऐंशीव्या वर्षी. माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली, तेव्हा आत्या आमच्याकडे राहायला आली ती कायमची. तिनंच मला वाढवलं. तिच्या सगळ्या वस्तूंची आता सोय लागली आहे. फक्त धुण्याच्या खोलीत हुकाला टांगलेली सायकलची फ्रेम उरली आहे. चाकं नाहीत, हँडल नाही. नुसता सांगाडा आणि पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि सगळ्यावर फाटकाला देतात तसला जाड काळा रंग.

ती फ्रेम माझ्या जोकाकांची. ते आत्याचे धाकटे भाऊ. १९४० च्या मे महिन्यात, युद्धात डंकर्ककडे माघार घेताना ते मारले गेले. त्यांची कबर कुठेच नाही. आत्या मला त्या फ्रेमला बोट लावू द्यायची नाही. "ती जोची आहे," एवढंच म्हणायची. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत तिला मी कोण ते आठवेना, पण हे आठवत होतं. माझा हात धरून म्हणाली, "ती जोची आहे. जोचीच राहू दे."

जूनच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सायकलस्वारांसाठी मिस्सेचा खास प्रार्थनाविधी असतो. तोवर फ्रेम नीट रंगवून घ्यायची, हॉलमध्ये लावायची आणि खाली काकांच्या नावाची पितळी पाटी, असं फादर केनी आणि जेरार्ड यांनी ठरवलं आहे. पाटीवर फ्रेमचं साल हवं. कबर नसलेल्या माणसाला निदान एक पाटी मिळावी, हीच माझी इच्छा. साल कसं ओळखायचं, ते सांगाल का?

आपली,
मोनिका स्वॉरब्रिक


कोल्न
१४ फेब्रुवारी १९९९

प्रिय मिस स्वॉरब्रिक,

मी फोनवर ओरडतो हे खरं आहे. कॉटम बहिरा आहे हेही तितकंच खरं आहे.

सेथ ऑर्मरॉडच्या नोंदी शोधू नका, तो नोंदी ठेवायचा नाही. सगळं डोक्यात, आणि ते डोकं १९६१ साली मेथडिस्ट चॅपलच्या मागे पुरलं. तेव्हा काय ते फ्रेमलाच विचारावं लागतं. ती बोलते, पण नीट विचारलं तर.

फ्रेम उलटी करा. पेडलांचा आस जिथे बसतो त्या जाड नळीच्या पोटावर नंबर ठोकलेला असेल. रंग फार असला तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, म्हणजे नंबर कागदावर उठेल. मग सीटची उभी नळी आणि वरची आडवी नळी मोजा. मागच्या चाकाचा आस जिथे अडकतो, तिथे उजव्या बाजूला खाली एक छोटा कान आहे का ते पाहा. आणि शेवटचं : तुमचे काका किती उंच होते? ऑर्मरॉड शिंप्यासारखा माप घ्यायचा. पाय, धड, हात. "कोट सैल चालतो, सायकल नाही," म्हणायचा.

माझी बायको एल्सी विचारते, चर्च स्ट्रीटवर मासे विकायचे ते स्वॉरब्रिक तुमचेच का? तिला उत्तर मिळालं नाही तर मला जेवण मिळणार नाही.

आपला,
विल्फ्रेड डग्डेल


प्रेस्टन
२२ फेब्रुवारी १९९९

प्रिय मिस्टर डग्डेल,

मासेवाले स्वॉरब्रिक आमचे लांबचे. मिसेस डग्डेलना सांगा, आमच्या घरच्यांनी त्यांच्याकडून कधी मासे घेतले नाहीत, यावरून काय ते समजावं.

कागद-पेन्सिलीची युक्ती चालली. नंबर ३८४७. उभी नळी वीस इंच, आडवी त्याहून किंचित कमी. कान आहे. जेरार्ड इतका खूश झाला की स्वयंपाकघरातच नाचला. "अडतीस सालची सत्तेचाळिसावी!" म्हणाला. १९३८ मध्ये काका बावीस वर्षांचे. सगळं जुळतं.

काका चांगले उंच होते. आमच्या मागच्या दारात उभे असलेला त्यांचा फोटो आहे. डोकं चौकटीला लागलं आहे. बाबा म्हणायचे, "जो आला की आधी दिवा सांभाळा."

काळ्या रंगाबद्दल सांगते, कारण तो मी देताना पाहिला आहे. आई गेली त्याच आठवड्यात. मला काळा फ्रॉक घातला होता, तो मानेला टोचत होता. अंगणात आत्या बाह्या वर करून फ्रेमवर ब्रश फिरवत होती. मी विचारलं, "सायकललाही दुखवटा का?" ती म्हणाली, "हो." पुढे कळायला लागल्यावर वाटलं, आईच्या निमित्तानं तिनं भावाचंही सुतक पाळलं असेल.

आपली,
मोनिका स्वॉरब्रिक


कोल्न
२ मार्च १९९९

प्रिय मिस स्वॉरब्रिक,

कॉटमला म्हणावं, नाच थांबव. या चुकीत तो एकटा नाही. दुसरे कारागीर साल आधी ठोकायचे, म्हणून सगळे तसंच वाचतात. ऑर्मरॉड उलट्या डोक्याचा. तो आधी फ्रेमचा अनुक्रम ठोकायचा आणि साल शेवटी. तुमची फ्रेम सत्तेचाळीस सालची अडतिसावी.

कानही तेच सांगतो. तो गिअर अडकवायला असतो. युद्धाआधी ऑर्मरॉडसमोर गिअरचं नाव काढलं तर तो म्हणायचा, "पाय दमले असतील तर बसनं जा." युद्धानंतर गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली, तेव्हा कुरकुरत कान लावू लागला. कान असलेली त्याची एकही फ्रेम ४६ च्या आधीची नाही.

तुमचे काका १९४० मध्ये गेले, हे मी विसरलेलो नाही. हे वाचताना तुम्हाला काय वाटेल याची कल्पना आहे.

पण एक गोष्ट पाहिल्याशिवाय मी पुढे काही बोलणार नाही. ऑर्मरॉडकडे नावं रंगवणारा एक म्हातारा यायचा. ज्याची सायकल त्याचं नाव तो आडव्या नळीवर, सीटच्या जवळ, बारीक सोनेरी अक्षरांत लिहायचा. त्या काळ्या रंगाखाली ते अजून असणार. वरचा रंग घरगुती आहे, भट्टीत भाजलेला नाही. हळूहळू, फडक्यानं, एकेक थर उतरवता येतो. मी पूर्वी केलं आहे. दोन-तीन दिवसांचं काम आहे, पण नाव वाचता येतं.

तोवर फ्रेम आहे तशी राहू द्या. काही घासू नका, कुणाला घासू देऊ नका. महिनाअखेरीस मी स्वतः येतो.

आपला,
विल्फ्रेड डग्डेल


प्रेस्टन
२ मार्च १९९९

प्रिय मिस्टर डग्डेल,

तुमच्या उत्तराआधीच लिहिते आहे, कारण राहवत नाही. जेरार्डच्या ओळखीचा एक कारखाना आहे, तिथे वाळूचा मारा करून रंग उतरवतात. याच आठवड्यात त्यांच्याकडे जागा होती, नाहीतर थेट मे महिना. तो शनिवारी फ्रेम घेऊन गेला आणि आज सकाळी परत आणली. दारातूनच ओरडला, "मोनिका, बघ! आजच जन्मल्यासारखी!"

खरंच, किती सुंदर आहे ती. राखाडी, मऊ, चाळीस-पन्नास वर्षांचा सगळा काळेपणा गेलेला. सांध्यांची नक्षी मी जन्मात प्रथम पाहिली. आत्यानं हे पाहायला हवं होतं, असं सारखं वाटलं. टेबलावर ठेवून मी तिच्यासमोर चहा घेतला. फादर म्हणतात, रंग गडद तांबडा द्यावा. तुमचं काय मत?

आपली,
मोनिका स्वॉरब्रिक


प्रेस्टन
३ मार्च १९९९

प्रिय मिस्टर डग्डेल,

तुमचं पत्र आज आलं. माझं तुम्हाला मिळालं असेल.

आडवी नळी पूर्ण स्वच्छ आहे. मी खिडकीपाशी नेऊन, भिंग घेऊन पाहिलं. काही नाही.

मोनिका स्वॉरब्रिक


कोल्न
८ मार्च १९९९

प्रिय मोनिका,

मी एल्सी. विल्फ लिहीत नाही म्हणून मी लिहिते. तुझी दोन्ही पत्रं वाचून तो मागच्या शेडमध्ये जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तर काही न करता नुसता बसलेला. एकावन्न वर्षांत हा माणूस शेडमध्ये काही न करता बसलेला मी पाहिला नाही.

पोरी, तू स्वतःला लावून घेऊ नकोस. विल्फनंही तरुणपणी अशा कितीतरी फ्रेमा घासून चकचकीत केल्या आहेत. आता त्यातली एखादी आठवली की झोपेत कण्हतो.

त्याला काहीतरी माहीत आहे आणि तो सांगत नाही. खोदून विचारलं तर म्हणाला, "तिला सांग, हँडलची दांडी ज्या नळीत जाते तिच्यात टॉर्च मारून बघ. खालच्या कडेला. वाळू तिथवर पोचत नाही." कशासाठी, ते सांगितलं नाही. तू बघ आणि त्याला लिही. आणि ते मासेवाले खरंच वाईट होते.

एल्सी डग्डेल


प्रेस्टन
१५ मार्च १९९९

प्रिय मिस्टर डग्डेल,

पाहिलं. खालच्या कडेच्या आत, नखाएवढा रंग उरला आहे. निळा.

कोणता निळा ते मला बरोबर सांगता येईल. आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये मारियामातेचा पुतळा होता. सिस्टर इमेल्डा दर मे महिन्यात आम्हाला त्याचा झगा ओल्या फडक्यानं पुसायला लावायच्या. तो निळा. बोट लावल्याबरोबर मला चॅपलमधल्या मेणाचा वास आला.

मी मूर्ख नाही, मिस्टर डग्डेल, फक्त सावकाश आहे. १९४७ मध्ये आत्या नेल्सन गावच्या गिरणीत मागावर होती, तिकडेच खोली घेऊन राहायची. ती सायकल चालवायची असं मला कुणी सांगितलं नाही. मलाही तिनं शिकू दिलं नाही, "पडशील," म्हणायची. तिची उंची माझ्याएवढीच होती. काल मी फ्रेम जमिनीवर धरून तिच्यावरून पाय टाकला. माझ्या मापाची आहे.

कोणाची होती ती?

मोनिका स्वॉरब्रिक


कोल्न
२१ मार्च १९९९

प्रिय मोनिका,

एल्सी म्हणते, आता मिस वगैरे पुरे.

तुझ्या आत्याची. तू काकांची उंची लिहिलीस तेव्हाच मला वाटलं होतं. तसला माणूस वीस इंचांच्या फ्रेमवर बसला तर गुडघे कानाला लागतील. पण फ्रेम भावाचीच म्हणून एक बाई मरताना सांगून गेली, तिचं बोलणं मी पेन्सिल घासलेल्या कागदावरून कसं खोटं पाडू? म्हटलं, नाव दिसेल आणि मला बोलावं लागणार नाही. आता बोलावं लागतंय.

आधी निळा. ऑर्मरॉडकडे तीनच रंग : काळा, लाल, बाटलीसारखा हिरवा. ४७ च्या शरद ऋतूत मी दुकानात गेलो तर तो चरफडत होता. "एक पोपवाली कॅथलिक बाई आलीय. तिला मेरीच्या झग्याचा निळा पाहिजे. मी चॅपलात ऑर्गन वाजवणारा माणूस, मी मेरीचा झगा रंगवू?" रंगवला मात्र. तीन वेळा मिसळला, कारण पहिले दोन तिनं नाकारले. तो निळा त्यानं पुन्हा कुणासाठी केला नाही. म्हणून टॉर्च मारायला सांगितलं.

आम्ही तिला ॲगी म्हणायचो. क्लब रविवारी सातला निघायचा. ती सहाची मिस्सा करून मागून यायची, तीही उपाशी. कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायची तर तेव्हा मध्यरात्रीपासून पाणीही चालायचं नाही, हे तुला मी सांगायला नको. आम्ही बाकीचे, सगळे वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाचे, गिसबर्न गावात चहाला टेकलेले असायचो. दारात ती. तोंड लाल, केस वाऱ्यानं उभे.

"काय ॲगी, पोपनं सोडलं का?" कुणीतरी म्हणायचं.

"सोडलं की. तुमच्या वेस्लीनं मात्र तुम्हाला खुर्चीला बांधून ठेवलेलं दिसतंय."

उभ्यानं चहा प्यायची, पावाचा तुकडा खिशात टाकायची आणि आमच्या पुढे निघून जायची. मग दिवसभर आम्हाला तिची पाठ दिसायची. तीही लांबून.

४८ च्या जूनमध्ये, दुसऱ्या रविवारी, बायकांची पंचवीस मैलांची शर्यत होती. तिनं नाव दिलं होतं. मोठमोठ्यांना वाटत होतं की ती जिंकेल. शर्यतीत एकेका मिनिटानं एकेकीला सोडतात. पहिली मिस्सा करून येता यावं म्हणून तिच्यासाठी शेवटचा नंबर ठेवला होता. मी वीस वर्षांचा. सीट धरून उभं राहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे बाई पाय पेडलवर ठेवून बसते आणि मोजणी संपली की आपण सोडतो.

सगळ्या गेल्या. रस्त्यावर मी आणि घड्याळवाले मिस्टर पिकल्स. चर्चच्या दिशेनं कुणी येईना. पिकल्स म्हणाले, "फादरचं प्रवचन लांबलेलं दिसतंय." आम्ही हसलो. पण कुणी आलं नाही तरी ज्याचं त्याचं मिनिट मोजायचं, असा नियम आहे. त्यांनी मोजलं. पाच, चार, तीन, दोन, एक, जा. मी हात पुढे करून उभा होतो. का, ते विचारू नकोस. सवयीनं.

ती पुन्हा क्लबला आली नाही. कुणी म्हणालं, लग्न झालं असेल. सगळ्यांना ते पटलं. हे एल्सीनं आत्ता खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "बाई दिसेनाशी झाली की तुम्हा लोकांना दुसरं कारणच सुचत नाही का रे?"

तुझ्या पत्रात वाचलं की आई गेली त्या आठवड्यात तिनं फ्रेम काळी केली. तू पाच वर्षांची होतीस. साल मी मोजलं नाही. तू मोज.

विल्फ


प्रेस्टन
९ मे १९९९

प्रिय विल्फ,

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नका.

आई शुक्रवारी गेली, ११ जून १९४८. आत्या त्या रात्री शेवटच्या बसनं आली. रविवारी पहाटे बाबा अंत्यविधीचं ठरवायला बाहेर पडले होते आणि ती मला दूध-पाव भरवत होती. हे मला आठवतं, कारण दूध करपलं होतं. तिला स्वयंपाक यायचा नाही तेव्हा. घड्याळाकडे ती पाहत होती का, ते मला आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला.

तिची सायकल नंतर तीन-चार दिवसांनी कुणाच्या तरी गाडीतून आली असणार. चाकं तिनं विकली की दिली, माहीत नाही. मला एवढंच दिसतं : अंगण, ब्रश, काळा डबा. आणि मी विचारते, सायकललाही दुखवटा का? आणि ती म्हणते, हो.

जोकाकांचं नाव तिनं घेतलं, कारण मेलेल्या माणसाच्या सायकलीबद्दल कुणी विचारत नाही, की तू चालवत का नाहीस. मीही पन्नास वर्षांत विचारलं नाही. ती मला शाळेच्या बसपर्यंत पायी सोडायला यायची, दोन मैल, पावसातसुद्धा.

फादर केनींना सांगायला गेले. ते म्हणाले, "मोनिका, मरणाऱ्या माणसाची इच्छा मोडतेस?" मी म्हटलं, "फादर, ती इच्छा माझ्यासाठी होती. मला कळू नये म्हणून. आता कळलंय, तर ती कुणासाठी पाळू?"  तेव्हा फादर म्हणाले, जोची पाटी हॉलमध्ये लागेलच, तिला सायकलची गरज नाही. जेरार्ड रडला. त्याला वाटतं सगळं त्याच्यामुळे झालं. मी त्याला सांगितलं की कारखान्यात न्यायला हो मीच म्हणाले होते, आणि मला तो काळा रंग लहानपणापासून आवडत नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं केलेलं ते शेवटचं काम होतं त्या फ्रेमवर, आणि मी ते घाण म्हणून काढलं.

फ्रेम निळी करते आहे. नखाएवढ्या तुकड्यावरून त्यांनी रंग जुळवला. दोनदा मी नाही म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर आला. रंगारी विचारतो, आडव्या नळीवर नाव काय लिहायचं आणि कसं? तुम्हाला आठवतं का? ॲगी होतं, की ॲग्नेस, की नुसतं ए. स्वॉरब्रिक? अक्षर सरळ होतं की तिरकं?

मोनिका


कोल्न
१६ मे १९९९

प्रिय मोनिका,

आठवडाभर डोकं खाजवलं. एल्सीनं जुने फोटो काढले. क्लबच्या दोन फोटोंत ॲगी आहे, दोन्हींत तिच्या सायकलीपुढे कुणीतरी ढेरपोट्या उभा.

खरं सांगतो. मी ते नाव कधी वाचलं नाही. आडव्या नळीवरचं नाव वाचायचं तर बरोबरीनं चालवावी लागते. मी तिच्या बरोबरीला कधी आलोच नाही.

तुझ्या मिस्सेला येईन म्हणतो. सत्तर वर्षं चॅपलला जाणारा माणूस आहे, कुठे उठायचं कुठे बसायचं ते तू खूण कर.

विल्फ


प्रेस्टन
१४ जून १९९९

प्रिय विल्फ,

सुखरूप पोचलात ना? एल्सीला सांगा, तिचा केक संपला आणि फादरांनी शेवटचा तुकडा खिशात घालून नेला.

नाव मी लिहवून घेतलं नाही. काल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या तोंडावर प्रश्न होता, म्हणून लिहिते. रंगारी म्हणाला, "कुठलंही घाला, कोण ओळखणार?" पण तिनं स्वतः झाकलेलं नाव होतं ते. झाकलेलं असतं तर मी हळूच उघडून पाहिलं असतं. आता अंदाजानं लिहायचा हक्क मला नाही. म्हणून तेवढी जागा निळीच राहिली आहे. लोक हॉलमध्ये येतात आणि विचारतात, कुणाची? मी सांगते, माझ्या आत्याची. ते म्हणतात, अरे, ती सायकल चालवायची? आणि मग मला उत्तर द्यावं लागतं. ते बरं वाटतं, आणि वाईटही वाटतं, कारण हे सगळं तिच्यासमोर व्हायला हवं होतं.

काल मिस्सेनंतर सगळे चहाकडे वळले, तेव्हा तुम्ही मागे राहिलात. मी दाराशी होते, तुम्हाला दिसले नाही. तुम्ही भिंतीजवळ जाऊन फ्रेमच्या शेजारी उभे राहिलात. खिशातून चष्मा काढलात, पुसलात, डोळ्यांवर चढवलात. आणि आडव्या नळीपाशी वाकून पाहिलंत.

तिथे काही नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही बराच वेळ वाकलेलेच होतात.

तुमची,
मोनिका